आवडत्या बँडचा नवा अल्बम मनातून उतरला, तर तो कसा ऐकावा

रात्री बारा वाजता अल्बम आला. नऊ गाणी, सत्तेचाळीस मिनिटं. पाऊण वाजून गेल्यावर मी हेडफोन काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवले आणि तसाच बसून राहिलो. एप्रिलमधलं सोलापूर, गादीखालची फरशीसुद्धा अजून निवलेली नव्हती. सहा वर्षं ज्या अल्बमची वाट पाहिली, त्यातलं एकही गाणं मनात राहिलं नव्हतं. राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. जवळच्या माणसानं आवर्जून भेटायला बोलवावं आणि उभ्या उभ्या बोलून वाटेला लावावं, तसं.

गॉथिक मेटल, म्हणजे जड गिटारी आणि उदास सुरांचं संगीत, मनापासून ऐकणाऱ्या प्रत्येकावर ही रात्र कधी ना कधी येते. पुढच्या तीन आठवड्यांत मी तो अल्बम कसा कसा ऐकला ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्यावर ही वेळ आली तर उपयोग होईल. बँडचं नाव लिहीत नाही. वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर तुमचा बँड असेलच, तोच धरून चला.

पहिल्या रात्री कुठेही काही लिहू नका. ग्रुपवर नाही, स्टेटसवर नाही, मित्राला मेसेजसुद्धा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं की मग माणूस आपल्याच शब्दाला चिकटून बसतो, आणि पुढची प्रत्येक वेळ तो शब्द खरा ठरवण्यासाठी ऐकतो. त्याऐवजी एका वहीत तीन ओळी लिहा आणि खाली तारीख टाका. माझ्या तीन ओळी अशा होत्या: ड्रम फार पुढे आहेत. सगळी गाणी एकसारखी आहेत. गायकाचा आवाज थकलाय. वही मिटून ठेवली. या तिन्ही ओळींचा निकाल पुढे लागला, आणि तिन्हींचा वेगवेगळा लागला.

दुसरं पथ्य जास्त अवघड आहे. निदान आठवडाभर त्या बँडचा जुना अल्बम लावू नका. हात तिकडेच जातो, मला माहीत आहे. नवा कडू लागला की जुन्यानं तोंड गोड करावंसं वाटतं. पण जुन्या अल्बमवर आपल्या वर्षानुवर्षांच्या आठवणींचं पुट चढलेलं असतं. कुठल्या पावसात ऐकला, कोणाबरोबर ऐकला, तेव्हा घरात काय चाललं होतं, ते सगळं त्यात मुरलेलं असतं. नवा अल्बम उघडा येतो. दोघांना एका रात्री शेजारी उभं केलं तर नव्यावर अन्याय होतोच होतो.

आता आवाजाचं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी पहिली ओळ इथेच अर्धी खोटी ठरली. मोबाइलमध्ये बास-ट्रेबल कमीजास्त करायचा इक्वलायझर असतो, आणि कधीतरी कुठल्या तरी गाण्यासाठी आपण त्यात बास वाढवून ठेवलेला असतो आणि विसरून गेलेलो असतो. माझा तसाच होता, भाच्यानं लग्नाच्या वरातीची गाणी ऐकताना वाढवलेला. तो सपाट केल्यावर बासड्रमचा धपका निम्मा झाला. नवा अल्बम ऐकण्याआधी इक्वलायझर बंद आहे ना, एवढं बघाच.

त्यापुढची गोष्ट पातळीची. एकच गाणं थोडं मोठ्यानं लावलं की कानाला ते जास्त चांगलं वाटतं, आणि हळू लावलं की त्यातला बास आधी हरवतो. ही कानाची रचनाच आहे, त्याला इलाज नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक सीडी आजच्या मानानं हळू आवाजात मास्टर केलेल्या, म्हणजे आवाजाची शेवटची जुळवणी केलेल्या, असत. नंतर नंतर प्रत्येकाला आपली सीडी मोठी वाजायला हवी झाली. आवाज मोठा करायचा तर हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर दाबावं लागतं. गॉथिक मेटलचं नुकसान या दाबण्यानं फार होतं. या संगीताचा जीव त्या अंतरातच आहे: नुसता कीबोर्ड, दूरवर एक आवाज, आणि मग खालच्या सुरात उतरवलेल्या दोन गिटारी एकदम अंगावर येणं. सगळंच एका उंचीवर आणून ठेवलं तर अंगावर येणार काय? स्ट्रीमिंग ॲपमधलं नॉर्मलायझेशन चालू ठेवलं तर नवी-जुनी गाणी साधारण एका पातळीवर वाजतात, तुलना करताना ते चालूच ठेवा. पण दाबलेलं अंतर त्यानं परत येत नाही. इक्वलायझर बंद करून, पातळी सारखी करून ऐकल्यावर माझं मत असं झालं: ड्रम पुढे नाहीत, बाकी सगळं सपाट झाल्यामुळे ते पुढे वाटतात. म्हणजे दोष आहे, पण मी लिहिला होता तो नाही.

मग अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, एका बैठकीत ऐका. घरी हे जमत नाही. कोणीतरी हाक मारतं, दारात कोणी येतं, फोन वाजतो. मी त्यासाठी तुळजापूरची एसटी धरतो. सोलापूरहून साधारण पंचेचाळीस किलोमीटर, तासाभराचा रस्ता. खिडकीजवळची जागा मिळाली की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, आधी डाउनलोड केलेला अल्बम लावायचा आणि बाहेर बघत राहायचं. गाडी चालवताना मात्र हे करू नका, हेडफोन लावून तर अजिबात नाही. घाट चढताना आठवं गाणं चालू होतं, आणि ते मी पहिल्या रात्री ऐकलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. म्हणजे कानावर पडलं होतं, ऐकलं नव्हतं.

क्रमानं आणि पूर्ण ऐकण्याबद्दल माझा एवढा आग्रह का, तेही सांगतो. १९९७ साली मी सोळा वर्षांचा होतो. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला माझा आतेभाऊ सुट्टीत येताना एक नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन आला. एका बाजूला पॅराडाइज लॉस्ट या इंग्लंडमधल्या बँडचा १९९१ चा 'गॉथिक', दुसऱ्या बाजूला त्यांचाच १९९५ चा 'ड्रॅकोनियन टाइम्स', कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेला. 'गॉथिक' एका बाजूत आरामात बसतो. 'ड्रॅकोनियन टाइम्स' जवळजवळ एकोणपन्नास मिनिटांचा आहे आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. शेवटचं गाणं सुरू होतं न होतं तोच खट्ट करून टेप थांबायचा. पुढची कित्येक वर्षं माझ्यासाठी तो अल्बम त्या खट्ट आवाजावर संपत होता. पुढे सीडी हातात आली आणि शेवटची चार मिनिटं ऐकली, तेव्हा अख्ख्या अल्बमचा अर्थ बदलला. तेव्हापासून अर्धवट ऐकलेल्या अल्बमबद्दल मी बोलत नाही.

इथपर्यंत तयारी झाली, खरं काम पुढे आहे.

मी चादरी आणि टॉवेलची जॅकार्ड, म्हणजे विणतानाच उठणारी, डिझाइनं करतो. ज्या शेडमध्ये माझं जाणं-येणं असतं तिथे चोवीस माग एकाच वेळी चालतात. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. तिथले जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "अकरा नंबर." जाऊन बघावं तर धोट्याला मारणारा पट्टा सैल झालेला असतो. एवढ्या गदारोळात कळतं कसं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सगळं एकदम ऐकायला गेलं तर काहीच ऐकायला येत नाही बघा. एक माग धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. मग दुसरा धरायचा."

अल्बमही असाच ऐका. एका वेळी एक वाद्य धरायचं. पहिल्या फेरीत फक्त ड्रम, दुसरीत फक्त बास, तिसरीत डाव्या कानातली गिटार, चौथीत उजव्या कानातली, मग आवाज. कंटाळवाणं वाटेल, पण दोन दिवसांत सवय होते. मी गायकाचा आवाज एकटा धरला तेव्हा माझी तिसरी ओळ साफ खोटी निघाली. आवाज थकलेला नव्हता. तो मुद्दाम खालच्या सुरात, छातीतून गात होता आणि शब्दांची शेपटं तोडत नव्हता. वरच्या पट्टीत किंचाळणारा तिशीतला माणूस मी शोधत होतो, आणि समोर पन्नाशीतला माणूस नीट, विचारपूर्वक गात होता. वहीतली ती ओळ मी खोडली.

राहिली दुसरी ओळ, 'सगळी गाणी एकसारखी'. ही ओळ नुसत्या कानानं तपासता येत नाही, कारण कान लगेच वैतागतो. त्यासाठी मी गाणं कागदावर काढतो. हल्ली डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, पण जुने ग्राफ पेपर माझ्याकडे अजून आहेत. एक चौकोन म्हणजे चार ठोक्यांचा एक बार. गाणं चालू करायचं, बोटानं चार-चार मोजायचं आणि चौकोन रंगवत जायचं. गुरगुरता आवाज काळा, साधं गाणं निळं, बाईचा आवाज जांभळा, कीबोर्ड पिवळा, सोलो गिटार तांबडी. आणि प्रत्येक वेगळ्या रिफला, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याला, चौकोनाखाली एक अक्षर: क, ख, ग. तुमच्याकडे ग्राफ पेपर नसेल तर मुलांची गणिताची चौकटी वही चालते.

तिसरं गाणं मी असं काढलं. एकूण ९६ चौकोन. सुरुवातीचा रिफ ८, कडवं १६, कोरस १६, पुन्हा रिफ ४, कडवं १६, कोरस १६, मधला तुकडा ४, शेवटी परत कोरस १६. बेरीज करून बघा: ९६ पैकी ४८ चौकोन, म्हणजे निम्मं गाणं, कोरसचं आहे. आणि ज्या एका जागी काही नवीन घडू शकलं असतं त्या मधल्या तुकड्याला चारच चौकोन. बरं, तीन वेळा येणारा कोरस तिन्ही वेळा हुबेहूब तोच. तोच जांभळा, तोच पिवळा, ड्रमचा तोच ठेका. मग बाकीची आठ काढली. नऊपैकी सात गाण्यांचा नकाशा हाच, चौकोन दोन-चार इकडे तिकडे. एकसारखी आहेत ही ओळ खरी निघाली, आणि आता ती का खरी आहे हे मला दाखवता येत होतं.

यावर कोणी म्हणेल की चादरीवाल्यानं पुनरावृत्तीला नावं ठेवू नयेत. मी यावर खूप विचार केलाय. चादरीत एकच मोर आडव्या ओळीत कितीही वेळा आला तरी डोळा कंटाळत नाही, कारण डोळ्याला अख्खी चादर एका नजरेत दिसते. आणि कडेला किनार असते, ती मोराला थांबवते. गाणं एका नजरेत दिसत नाही, ते एकापाठोपाठ एक येत राहतं. तिथे एखादी गोष्ट परत आली तर ती थोडी बदलून आली पाहिजे, नाहीतर न बदलण्याला काही कारण पाहिजे. याच बँडच्या जुन्या गाण्यात दुसरा कोरस अर्ध्यावर तोडलेला आहे आणि तिसऱ्याला सगळी वाद्यं थांबून फक्त कीबोर्ड उरतो. तोच कोरस, पण तीन वेळा तीन अर्थांनी. आठवडा उलटल्यावर मी ते गाणंही ग्राफवर काढलं आणि नव्या तिसऱ्याशेजारी ठेवलं. माझा हिरमोड कुठे झाला, ते दोन कागदांवर स्पष्ट दिसत होतं.

दोष सापडला की लगेच 'बँड विकला गेला' असं म्हणू नका. या संगीताचा इतिहास थोडा बघितला तर घाई कमी होते. पॅराडाइज लॉस्टनं १९९९ मध्ये 'होस्ट' काढला. गिटारी मागे ढकलल्या, पुढे सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक ठेके. 'गॉथिक'वर वाढलेल्या लोकांना तो फार लागला. माझ्या आतेभावानं कॅसेट फेकायची बाकी ठेवली होती. त्याच्या आदल्या वर्षी माय डाइंग ब्राइडनं '३४.७८८%... कम्प्लीट' नावाचा असाच आडवाटेचा अल्बम केला होता, आणि १९९९ मध्ये ते पुन्हा आपल्या संथ, जड वाटेवर आले. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीनं २००० साली 'म्युझिक'मध्ये तर जुनी भाषा, जुना वेशच सोडून दिला. आणि पॅराडाइज लॉस्टचं पुढे काय झालं? २०१५ च्या 'द प्लेग विदिन'मध्ये गायक निक होम्सचा गुरगुरता आवाज परत आला, लोक सुखावले. तरीही २०२३ मध्ये होम्स आणि गिटारिस्ट ग्रेगर मॅकिन्टॉश या दोघांनी 'होस्ट' हेच नाव घेऊन वेगळ्या प्रकल्पाचा अल्बम काढला. ज्या अल्बमला आपण चूक म्हणत होतो, तो त्यांच्या मनात चोवीस वर्षं होता. मी आज 'होस्ट' आवडीनं ऐकतो.

म्हणून अल्बम आवडला नाही तर एक प्रश्न विचारायचा: यांनी धोका पत्करून काही वेगळं केलंय, की सोपं ते केलंय? 'होस्ट' पहिल्या प्रकारातला. अशा अल्बमला वेळ द्यावा, दोन-चार वर्षंसुद्धा. दुसऱ्या प्रकाराला वेळ दिला तरी त्यातून नवं काही निघत नाही, कारण आत ठेवलेलंच नसतं. माझ्या ग्राफवरची सात गाणी दुसऱ्या प्रकारातली आहेत. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

त्याबरोबर अल्बमची माहितीही वाचा. निर्माता बदलला का, ड्रमर नवा आहे का, गाणी आधी कोण लिहायचं आणि आता कोण लिहितं. या अल्बमवर जुन्या गिटारिस्टचं नाव दोनच गाण्यांपुढे आहे, सहाव्या आणि आठव्या. ग्राफवर वेगळी दिसलेली दोन गाणी कोणती, ते सांगायला नको.

आता स्वतःकडे बघायचं. ती कॅसेट आली त्या वर्षी मिल बंद झाल्यामुळे वडील घरात होते. दुपारी ते पोर्चमध्ये बसून रस्त्याकडे बघत राहायचे आणि मी आतल्या खोलीत टेप लावून पडलेला असायचो. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की पॅराडाइज लॉस्टचं गाव हॅलिफॅक्स आणि माय डाइंग ब्राइडचं ब्रॅडफर्ड, ही दोन्ही यॉर्कशायरमधली लोकरीच्या कापडाची गावं. हॅलिफॅक्समधली डीन क्लफची गालिच्यांची गिरणी एके काळी जगातल्या मोठ्यात मोठ्या गिरण्यांत मोजली जायची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. बँड उभा राहिला १९८८ साली. बंद गिरण्यांच्या गावात वाढलेल्या पोरांचं ते संगीत होतं, आणि बंद गिरणीच्या गावात बसून मी ते ऐकत होतो. तिथे पाऊस होता, इथे त्रेचाळीस डिग्री ऊन, पण दुपार तीच होती. नव्या अल्बमकडे मी ती दुपार मागत असेन तर ती तो देऊ शकत नाही. कोणताच अल्बम देऊ शकणार नाही. हे एकदा स्वतःशी नीट बोलून घ्या. पण सगळा दोष स्वतःकडेही घेऊ नका. ४८ चौकोन कोरसचे आहेत, ते माझ्या वयामुळे झालेले नाहीत.

शेवटी, सांगायचं कसं. 'भंगार आहे' म्हणायचं नाही, कारण त्यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. गाणं, मिनिट, सेकंद आणि काय, असं सांगायचं. 'तिसऱ्या गाण्यात शेवटचा कोरस पहिल्यासारखाच आहे, तिथे काही बदलायला हवं होतं', हे कोणीही लावून तपासू शकतो आणि पटलं नाही तर वाद घालू शकतो. आणि जो हा अल्बम प्रेमानं ऐकतोय, विशेषतः ज्याचा हा या बँडचा पहिलाच अल्बम आहे, त्याला आधी बोलू द्यायचं.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला अल्बम आवडला होता आणि माझ्या तोंडाकडे बघून तो पंधरा दिवस काही बोलला नव्हता. एका रविवारी जेवण झाल्यावर मी नऊही ग्राफ गच्चीवर मांडले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर भुईमुगाच्या शेंगांची बरणी, पाण्याचा तांब्या, जे हाताला लागलं ते ठेवलं. तो गुडघ्यावर बसून एकेक बघत गेला. सात कागदांवर काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, सहाव्याला असं का चिकटवलाव?"

सहावं गाणं एका कागदात मावलं नव्हतं. दोन ग्राफ डिंकानं जोडले होते. त्यात कोरस एकदाच येतो, मधोमध, आणि परत येतच नाही. पहिल्या रात्री मी तिथपर्यंत पोचलो तेव्हा चिडलेला होतो आणि ते मला नुसतं लांबलचक वाटलं होतं.

"ह्यात एक जागा चुकलालाव तुम्ही," तो म्हणाला आणि फोनवर गाणं लावलं. आम्ही दोघं एकेक इअरफोन घालून बसलो, तो बोटानं चौकोन मोजत होता. एकशे बत्तीसाव्या चौकोनावर गिटारी थांबल्या. मी तिथे पिवळा भरला होता, कीबोर्ड समजून. कीबोर्ड नव्हता तो. गायकानंच तोंड मिटून, शब्दांशिवाय एक सूर धरला होता, सहा बार. त्यानं माझ्या हातातून निळी पेन्सिल घेतली आणि त्या सहा चौकोनांवर पिवळ्यावरूनच निळा फिरवला. ते हिरवे झाले. मी ते तसेच ठेवलेत.